दोन वर्षांसाठी जपान

नोव्हेंबर १९४५. नागोयाजवळच्या नारुमी गावात एका जपानी कुटुंबानं तीन अमेरिकन सैनिकांपुढे चहा ठेवला आणि तिघांनीही तो नको म्हटलं. युद्ध संपून जेमतेम तीन महिने झाले होते. अन्नाची टंचाई अशी की पाहुण्याला चहा देणं हीच मोठी गोष्ट. त्यातून जिंकलेल्या फौजेतला माणूस आला, तर तो हवं ते मागेल, ओरबाडेल, ही लोकांची धास्ती. हे तिघे मात्र साधा चहाही घेत नव्हते, आणि तेही अगदी अदबीनं. यजमान सातो तात्सुई यांना नवल वाटलं. त्यांनी कारण विचारलं. आमच्या धर्मात चालत नाही, असं उत्तर आलं. कोणता धर्म, या पुढच्या प्रश्नापासून जे बोलणं सुरू झालं ते पुढे कित्येक महिने चाललं. जुलै १९४६ मध्ये सातो आणि त्यांच्या पत्नी चियो यांनी बाप्तिस्मा घेतला. युद्धोत्तर जपानमधले हे पहिले मॉर्मन. पुढे याच सातोंनी मॉर्मन पंथाचे धर्मग्रंथ बोली जपानीत आणले.

ते तिघे प्रचारक नव्हते, सैनिक होते. त्यांनी प्रवचन केलं नव्हतं, फक्त एक पेला परत केला होता. मॉर्मनांच्या जगभरच्या प्रचाराचा विचार करताना मला हा प्रसंग कोणत्याही प्रवचनापेक्षा महत्त्वाचा वाटतो. या पंथाचे तरुण परदेशात जातात तेव्हा लोकांच्या लक्षात त्यांचं तत्त्वज्ञान क्वचितच राहतं. लक्षात राहतं ते त्यांचं वागणं.

चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य करणारा हा नियम १८३३ चा, म्हणजे पंथ अवघा तीन वर्षांचा असतानाचा. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणानं या पंथाची स्थापना केली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ त्याच वर्षी छापला गेला. देवदूतानं दाखवलेल्या सुवर्णपत्र्यांवरून आपण तो अनुवादित केला, असा स्मिथ यांचा दावा होता. इतर ख्रिस्ती पंथांना तो पाखंड वाटला. शेजारपाजाऱ्यांशी खटके उडाले, स्थलांतरं झाली, १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात शिरून जमावानं स्मिथ यांना ठार केलं. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या मागे निघालेले अनुयायी १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या वैराण खोऱ्यात पोचले. आजचं युटा राज्य तिथून उभं राहिलं. पंथाचं अधिकृत नाव लांबलचक आहे, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका, असं तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं. ओळख पटावी म्हणून इथे तेच वापरलं आहे.

मिशनरी म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे लोक, अहमदनगरच्या शाळा, दवाखाने, छापखाने. ही माणसं शिकूनसवरून आलेली होती. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्य इथे घालवलं, काहींची थडगीही इथेच आहेत. मॉर्मन मिशनरी याच्या अगदी उलट. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, धर्मशास्त्राची पदवी वगैरे त्याच्याकडे नसते, त्याला पगार नसतो आणि दोन वर्षांनी तो घरी परततो. त्याच्या जागी दुसरा एकोणीस वर्षांचा येतो. दवाखाना नाही, छापखाना नाही.

आधी असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात बायकामुलं मागे ठेवून निघालेले प्रौढ पुरुषही या कामावर जात. पुण्याचा यात एक छोटासा धागा आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. लष्कराच्या छावणीतले काही गोरे शिपाई आणि मोजके इतर लोक त्याला मिळाले, एक लहानशी मंडळीही स्थापन झाली. पण छावणीत प्रचार करायला अधिकाऱ्यांनी मज्जाव केला, वर्तमानपत्रांनी टीका केली. युटाहून हिंदुस्थानात आलेले इतर मॉर्मनही एकेक करून परतले आणि दशक संपायच्या आत सगळा कारभार आटोपला. दूर गेलेल्या मंडळींना पत्राचं उत्तर यायला महिनोन् महिने लागत.

कोवळ्या मुलांवर भिस्त ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात रुजली. तिचं सगळं बळ आणि सगळी गोची जिथे एकाच वेळी दिसते, असा देश म्हणजे जपान.

१२ ऑगस्ट १९०१ रोजी चार मॉर्मन योकोहामा बंदरात उतरले. जहाजाचं नाव, गंमत म्हणजे, ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. नेते हेबर ग्रँट हे चौरेचाळीस वर्षांचे, विम्याच्या आणि बँकेच्या धंद्यात मुरलेले गृहस्थ. दोन साथीदार अनुभवी. चौथा अल्मा टेलर, प्रवासातच एकोणीस वर्षांचा झालेला. चौघांपैकी कोणालाही जपानीचा एक शब्द येत नव्हता. परदेशी लोकांच्या वस्तीतल्या एका घरमालकानं जागा द्यायचं कबूल केलं होतं. हे मॉर्मन आहेत म्हटल्यावर तो फिरला. इंग्रजी वर्तमानपत्रांत वाद पेटला. वादाचा विषय अर्थातच बहुपत्नीत्व. पंथानं १८९० मध्ये ती प्रथा सोडल्याचं जाहीर केलं होतं, पण खुद्द ग्रँट यांच्या दोन पत्नी हयात होत्या. रखेली ठेवण्यावरून मेइजी जपानमध्ये आधीच खल चालू होता, त्यामुळे जपानी वाचकांनाही या पाहुण्यांविषयी धर्माहून जास्त कुतूहल होतं ते त्यांच्या संसाराचं. फुकट प्रसिद्धी मिळाली, अनुयायी मिळाले नाहीत. मार्च १९०२ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला तो नाकाझावा हाजिमे या शिंतो पुरोहिताचा. ग्रँट यांना भाषा काही जमली नाही. कर्तबगार माणूस, पण इथे हात टेकले. १९०३ मध्ये ते परत गेले.

टेलर मात्र राहिला. एक-दोन नाही, आठ वर्षांहून जास्त. आज दोन वर्षं झाली की विमानात बसणाऱ्या मुलांच्या तुलनेत हे अचाट वाटतं, तेव्हाही वाटलंच असेल. तो जपानी माणसांत राहून भाषा शिकला. १९०५ मध्ये, तेवीस पुरे व्हायच्या आत, जपान मिशनचा प्रमुख झाला. ‘बुक ऑफ मॉर्मन’चा जपानी अनुवाद हे त्याचं खरं काम. तीनएक वर्षांपूर्वी ज्याला जपानी येत नव्हतं असा पोरसवदा अमेरिकन पाचशेहून अधिक पानांचा धर्मग्रंथ जपानीत लिहायला बसतो, ही हिंमत की अडाणीपणा, कुणी सांगावं. बहुधा दोन्ही. पण त्याला आपली मर्यादा कळत होती. मसुदा तयार झाल्यावर त्यानं जपानी विद्वानांची मदत घेतली, साध्या बोलीऐवजी ग्रंथाला शोभेल अशी अभिजात लेखनशैली निवडली, आणि इकुता चोको या साहित्यिक समीक्षकाकडून मजकूर तपासून घेतला. १९०९ मध्ये पुस्तक छापून झालं. दुसऱ्या वर्षी टेलर घरी गेला, तो सत्तावीस वर्षांचा होऊन.

एवढं करून हाती काय लागलं? १९०१ ते १९२४ या तेवीस वर्षांत जपानमध्ये ८८ प्रचारक येऊन गेले आणि बाप्तिस्मे झाले दोनशेच्या आत. म्हणजे एका प्रचारकामागे सरासरी दोन माणसंही नाहीत. १९२३ मध्ये कांतोचा भूकंप झाला. १९२४ मध्ये अमेरिकेनं जपान्यांना स्थलांतर बंद करणारा कायदा केला आणि जपानमध्ये अमेरिकनांविरुद्ध संताप उसळला. त्याच उन्हाळ्यात मिशन बंद करण्याचा हुकूम सॉल्ट लेकहून सुटला. हुकूम देणारे पंथाचे अध्यक्ष म्हणजे हेबर ग्रँट. ज्यानं दार उघडलं त्यानंच ते लावून घेतलं.

१९४८ मध्ये ते पुन्हा उघडलं. या वेळच्या पहिल्या प्रचारकांत हवाई बेटांवरचे जपानी वंशाचे तरुणही होते. हा शहाणपणा १९०१ मध्ये कुणाला सुचण्यासारखा नव्हता. ओसाकाच्या १९७० च्या जागतिक प्रदर्शनात पंथानं स्वतःचं दालन उभारलं, त्याला ६५ लाखांवर लोकांनी भेट दिली. १९८० मध्ये टोकियोत आशियातलं पहिलं मॉर्मन मंदिर झालं. त्याच सुमारास काही मिशनमध्ये आकड्यांची चढाओढ लागली. स्टेशनबाहेर भेटलेल्या तरुणांना झटपट शिकवून बाप्तिस्मे दिले गेले, आणि त्यांतले पुष्कळ जण पुन्हा कधी प्रार्थनागृहात फिरकले नाहीत. हे जपानपुरतंच नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोरांना बेसबॉलच्या संघात घेऊन बाप्तिस्मे देण्याचा प्रकार पंथाच्या अंगाशी आला होता, त्याला ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ असं नावच पडलं. एकोणीस वर्षांच्या मुलाला उद्दिष्टाचा आकडा दिला की तो आकडा गाठतो. दोष मी तरी मुलांना देणार नाही.

त्या मुलाचा दिवस कसा जातो ते पाहू.

घरी एक पत्र येतं. कोणत्या देशात जायचं हे त्यानं निवडायचं नसतं, वरिष्ठ ठरवतात. खर्च तो आणि त्याचं कुटुंब करतं. १९९० नंतर सगळ्या अमेरिकन मुलांना सारखीच रक्कम भरावी लागू लागली. जपानसारख्या महाग देशात जा किंवा स्वस्त देशात, फरक नाही. बरीच वर्षं महिन्याला ४०० डॉलर होते, २०२० मध्ये ५०० झाले. लहानपणापासून कित्येक मुलं यासाठी डब्यात पैसे साठवतात. युटातल्या प्रोवो शहरात मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. जपानीला जेमतेम दोन महिने. शिकवणारे बहुतेक जण नुकतेच तिकडून परतलेले विद्यार्थी. दोन महिन्यांत प्रार्थना म्हणता येते, आपली श्रद्धा चार वाक्यांत सांगता येते. दुकानदारानं उलट काही विचारलं तर मात्र तोंड बंद.

अंगात पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पाटी. पाटीवर आडनाव आणि त्याआधी ‘एल्डर’, मुलगी असेल तर ‘सिस्टर’. पहिलं नाव दोन वर्षं कुणी घेत नाही. सोबत जोडीदार, तो कोण, हेही वरिष्ठ ठरवतात. एकट्यानं कुठेही जायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर जोडीदार कायम नजरेच्या टप्प्यात. साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग सायकलवर बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मैत्रीण नाही. साधारण दर दीड महिन्यानं बदल्या होतात, कधी गाव बदलतं, कधी जोडीदार. न आवडणाऱ्या माणसाबरोबर एका खोलीत सहा आठवडे काढणं हे या मुलांचं पहिलं खरं शिक्षण असावं, असं त्यांच्या आठवणी वाचताना सारखं जाणवतं. एक जण पहाटे उठून पाठांतर करणारा, दुसरा घराच्या आठवणीनं खचलेला. भांडण झालं तरी रात्री दोघांनी मिळून प्रार्थना करायची असते.

जपानमध्ये सायकलवर हेल्मेट घालून चाललेले दोन गोरे तरुण दिसले की लहान पोरांनाही कळतं, हे कोण. दार उघडलं जातं, नकार मिळतो तो इतका गोड की नव्या मुलाला तो होकारच वाटतो. अमेरिकेत दार आपटलं तर निदान उत्तर मिळालं असं होतं. इथे वाकून, माफी मागून, पावसात आलात हो, असं म्हणून दार बंद होतं. शंभर दारांत एखादं उघडलं तरी चंगळ. म्हणून जपानमधल्या प्रचारकांनी एक दुसरी वाट धरली: फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग. आठवड्यातून एकदा प्रार्थनागृहात निवृत्त कारकून, कॉलेजची मुलं, गृहिणी येतात, इंग्रजी बोलतात, शेवटी थोडी धर्माची गोष्ट ऐकतात आणि घरी जातात. वर्षानुवर्षं येतात. बाप्तिस्मा घेत नाहीत. कुणी म्हणेल, इंग्रजीचं आमिष. पण आमिष असेल तर मासा फारच हुशार निघाला; आमिष खाऊन तो खुशाल पोहत राहिला आहे.

चहाची अडचण रोजची. जपानमध्ये कुणाच्या घरी गेलं की हिरवा चहा पुढे येणारच. मुगिचा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पेय, चालतं. म्हणून अनुभवी मुलं आधीच तेवढं विचारून घेतात. हिरव्या चहाला बंदी आहे की नाही यावर मुलांमध्ये इतके तर्कवितर्क चालत, की २०१९ मध्ये पंथाच्या युवकांच्या मासिकाला छापावं लागलं: हिरवा चहाही चहाच.

धर्म स्वीकारणाऱ्या जपान्यापुढे मात्र पेल्याहून मोठी अडचण उभी राहते. घरात पूर्वजांचा देव्हारा असतो, पिढ्यान् पिढ्यांचं थडगं एखाद्या बौद्ध मंदिराशी बांधलेलं असतं, थोरल्या मुलावर त्याची जबाबदारी असते. कंपनीतली नोकरी म्हणजे साहेबासोबत संध्याकाळची दारू आणि रविवारीही कधी कधी हजेरी. मॉर्मन झालं की यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नाही म्हणावं लागतं. तरी एक बाजू जपानी मनाला जवळची आहे. मॉर्मन आपल्या मेलेल्या पूर्वजांची नावं शोधतात, वंशावळी लावतात आणि त्यांच्या वतीनं मंदिरात विधी करतात. पूर्वजांना वाऱ्यावर सोडणारा धर्म, हा ख्रिस्ती धर्मावरचा जपानमधला जुना आक्षेप इथे लागू पडत नाही. आज जपानमध्ये पंथाच्या नोंदवहीत सव्वा लाखाहून अधिक नावं आहेत. रविवारी येणारे त्याहून पुष्कळ कमी. बारा कोटींच्या देशात सगळे ख्रिस्ती मिळूनच एक टक्क्याच्या आसपास आहेत.

मग हा खटाटोप कशासाठी? हिशेब चुकीच्या रकान्यात मांडला जातो, असं माझं मत आहे. जपानमध्ये किती मॉर्मन झाले हे मोजलं जातं. युटात परतलेल्यांचं काय झालं ते मोजायला हवं. ज्या वयात मुलं आईबापांचा धर्म सोडतात, नेमक्या त्या वयात हा पंथ त्यांना घरापासून हजारो मैलांवर नेतो आणि ‘आमचं खरं आहे’ हे रोज दहा अनोळखी लोकांना सांगायला लावतो. नकार शंभर वेळा ऐकायचा, तरी एकशे एकाव्यांदा तेच सांगायचं. ऐकणारा बदलत नसला तरी सांगणारा पक्का होत जातो.

आणि तो वेगळाही होतो, हे पंथानं ठरवलेलं नसतं. केंट गिल्बर्ट १९७१ मध्ये असाच प्रचारक म्हणून जपानला आला. पुढे वकील होऊन परतला आणि ऐंशीच्या दशकात अस्खलित जपानी बोलणारा गोरा म्हणून टीव्हीवर घराघरांत पोचला. केंट डेरिकट या दुसऱ्या माजी प्रचारकाचीही तीच कथा. गिल्बर्टनं उतारवयात जपानी राष्ट्रवादी वाचकांना आवडतील अशी पुस्तकं लिहिली. म्हणजे कोणी कोणाचं धर्मांतर केलं, असा प्रश्न पडावा. जॉन हंट्समन तैवानमध्ये प्रचारक होते. तिथे शिकलेल्या चिनीच्या जोरावर ते पुढे चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. त्याआधी २००८ मध्ये, युटाचे गव्हर्नर असताना, त्यांनी सरकारी शाळांत परकीय भाषांतून निम्मा दिवस शिकवण्याच्या योजनेला पाठबळ दिलं. युटात आज लहान मुलं चिनी, फ्रेंच आणि पोर्तुगीजमधूनही गणित शिकतात. डोंगराळ, समुद्रापासून दूरच्या त्या राज्यात एवढे दुभाषी कुठून आले याचं उत्तर अशा हजारो सायकलींत आहे.

सगळ्यांची कहाणी अशी सरळ नसते. मन खचल्यामुळे, आजारपणामुळे किंवा श्रद्धाच उडाल्यामुळे मुदतीआधी परतणारी मुलं असतात. पूर्वी सगळं गाव स्वागताला विमानतळावर जमायचं. अर्ध्यातून परतलेल्यासाठी कुणी जमत नसे, आणि ‘असा कसा आला’ ही कुजबुज वर्षानुवर्षं त्याच्या पाठीशी लागायची. मुलींवर हे ओझं वेगळ्या तऱ्हेनं पडतं. त्यांना जाणं बंधनकारक नाही, मुलांना मात्र ते कर्तव्यच मानलं जातं, आणि न गेलेल्या मुलाला लग्नाच्या बाजारातही उत्तर द्यावं लागतं. २०१२ मध्ये मुलांचं वय १९ वरून १८ आणि मुलींचं २१ वरून १९ केल्यावर मुलींचे अर्ज इतके वाढले की दोन वर्षांत जगभरातल्या प्रचारकांची संख्या ८५ हजारांपलीकडे गेली. पुढे ती उतरली, कोविडमध्ये तर हजारो मुलांना रातोरात घरी न्यावं लागलं.

मोठा बदल त्याआधीच, २०१९ च्या फेब्रुवारीत झाला होता. तोपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला पत्र किंवा ईमेल. आता आठवड्याच्या मोकळ्या दिवशी, कपडे धुऊन आणि बाजारहाट करून झाल्यावर, आईवडिलांशी व्हिडिओवर बोलता येतं. खचलेल्या मुलांसाठी हे बरंच झालं. पण अल्मा टेलरला जपानी यायला लागलं त्यामागे एक कारण असंही होतं की त्याला दुसऱ्या भाषेत मन मोकळं करायला जवळ फारसं कुणी नव्हतं. आज मुलाच्या खिशात फोन आहे, त्यावर घर आहे. प्रचारही निम्मा त्याच फोनवरून, समाजमाध्यमांतून चालतो. दारोदार फिरणं कमी झालंय.

प्रवासाची दिशाही एकेरी राहिलेली नाही. भारतातली मॉर्मन मुलंही आता प्रचारक म्हणून बाहेर पडतात. बंगळुरूत पंथाचं देशातलं पहिलं मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. सॉल्ट लेक सिटीतल्या टेंपल स्क्वेअरवर पर्यटकांना माहिती द्यायला देशोदेशीच्या ‘सिस्टर्स’ असतात, प्रत्येकीच्या पाटीशेजारी तिच्या देशाचा झेंडा. जपानच्या झेंड्यापाशी कधी एखादा पिकल्या केसांचा अमेरिकन थबकतो आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या, गंजलेल्या जपानीत बोलायला लागतो. ती मुलगी इंग्रजीत उत्तर देते. तिला इंग्रजीचा सराव करायचा असतो.